‘बरा झाला’ असे लिहून मिटवलेल्या कार्डाविषयी

प्रति,
क्षयरोग कार्यक्रमाची धोरणे आखणारे, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना लिहिणारे आणि औषधांच्या याद्या ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ यांस,

स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही, आरोग्य खात्यात नोकरीला नाही, कुठल्या संस्थेची पदाधिकारीही नाही. माझ्या थोरल्या भावाने तीन वेळा टीबीची औषधे घेतली. त्यांतल्या एकाच वेळी त्याला टीबी होता. पुढच्या दोन्ही खेपांना फुप्फुसात वाढत होती बुरशी आणि औषध चालू होते क्षयाच्या जंतूंवरचे. या विषयाशी माझा संबंध एवढाच, पण तो पुरेसा आहे असे मला वाटते.

या पत्राचा पहिला खर्डा मी फार तापून लिहिला होता. दादाने तो वाचला, पेन्सिलीने पंधराएक विशेषणे खोडली आणि समासात लिहिले, ‘त्यांना बोल लावून काय होणार? काय करायचे ते सांग.’ तो शिक्षक आहे, खोडायची सवय जुनी. हा दुसरा खर्डा.

आधी आपले ऋण मान्य करते. २०११ मध्ये दादाला खराखुरा क्षय झाला होता. बेडक्यात जंतू दिसले, सहा महिने औषधे मिळाली, त्याने एकही डोस चुकवला नाही, आणि शेवटच्या तपासणीत बेडका स्वच्छ आला. आपल्या कार्यक्रमाने त्याचा जीव वाचवला, यात शंका नाही. कार्डाच्या शेवटच्या रकान्यात ‘बरा झाला’ असे लिहिले गेले आणि कार्ड मिटले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरहून मोठी पोकळी मागे राहिली आहे, हे त्या दिवशी आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्याचा अर्थ आम्हाला कळला नसता. आपल्याला कळायला हवा होता.

२०१३ च्या अखेरीला खोकला परत आला. वजन उतरू लागले, दुपारनंतर वर्गात उभे राहवेना, आणि एका सकाळी बेसिनमध्ये रक्त पडले. एक्स-रेत डाग दिसला. बेडका तीनदा तपासला, तीनदा जंतू सापडले नाहीत. तरीही ‘टीबी उलटलाय’ असे ठरले. मी विचारले, जंतू नाहीत तर टीबी कशावरून? उत्तर मिळाले, ‘हिस्टरी आहे ना.’ त्या काळी प्रचलित असलेला आठ महिन्यांचा फेरउपचार सुरू झाला. त्यात पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. इंजेक्शने संपता संपता दादाच्या कानात शिटी वाजू लागली. ती आजही वाजते. मागच्या बाकावरून मुलाने काही विचारले तर तो त्याला फळ्याजवळ बोलावून घेतो. मुलांना वाटते, सर लाड करतात.

२०१८ मध्ये पुन्हा तेच. या वेळी जनुकीय चाचणीत क्षयाच्या जंतूचा पुसटसा अंश सापडला आणि तिसऱ्यांदा औषधे चालू झाली. आधी क्षय होऊन गेलेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा डीएनए राहू शकतो आणि ही चाचणी त्यालाही होकार देऊ शकते, हे मला नंतर वाचून समजले. महिनाभरात थुंकीतून पडणारे रक्त इतके वाढले की सीटी स्कॅन करावा लागला. तिथे शिकाऊ रेडिओलॉजिस्ट असलेल्या एका मुलीला पोकळीच्या आत गोळा दिसला. तिने दादाला पालथे झोपवले आणि पुन्हा स्कॅन घेतला. गोळा घरंगळून पोकळीच्या दुसऱ्या बाजूला गेला होता. फुप्फुसाला चिकटलेली गाठ अशी जागा सोडत नाही. ‘बुरशीचा गोळा वाटतोय, रक्तातली अँटिबॉडी बघून घ्या,’ एवढेच ती म्हणाली. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, आकडा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. पहिल्या खोकल्यापासून या एका वाक्यापर्यंत पोचायला जवळजवळ पाच वर्षे लागली होती.

हे पत्र जाहीर आहे, म्हणून ज्यांनी हे नावही ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. अ‍ॅस्परजिलस ही कुजलेल्या पाल्यात, खताच्या ढिगात, मातीत, धुळीत, ओल धरलेल्या भिंतीवर वाढणारी बुरशी. १७२९ मध्ये मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून तिचे बीजाणू धरणारे डोके पाहिले. त्याला ते पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखे दिसले आणि त्यावरून त्याने नाव ठेवले. माणसाला सर्वाधिक त्रास देणारी तिची जात म्हणजे फ्यूमिगेटस. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे नाकाच्या केसांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जाणारे. शरीराच्या उष्णतेत ती मजेत वाढते. पन्नास अंशांच्या तापलेल्या खतातही तग धरते. आपण सगळेच रोज असे शेकडो बीजाणू श्वासातून आत घेतो आणि आपले शरीर ते गुपचूप निपटून काढते.

ज्याला ते जमत नाही त्याचा आजार त्याच्या शरीरावर ठरतो. दमेकऱ्यांत ही बुरशी अ‍ॅलर्जी पेटवते, श्वासनलिकांत घट्ट तपकिरी बेडके अडकतात आणि दमा कशालाच दाद देत नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ जास्त स्टिरॉइड घेणारे, फ्लूने किंवा कोविडने अतिदक्षता विभागात गेलेले, अशांच्या फुप्फुसात ती घुसते आणि काही दिवसांत जीव घेऊ शकते. तिसरा प्रकार दादाचा. क्षयाने पोखरलेल्या रिकाम्या पोकळीत ती बिऱ्हाड करते, वर्षानुवर्षे पसरते, भिंती जाड करत नेते आणि आतल्या रक्तवाहिन्या खाते. खोकला, वजन घटणे, थकवा, थुंकीतून रक्त. क्षयाची लक्षणे सांगा म्हटले तर आपण हीच सांगाल.

ही गल्लत आजची नाही. १८४२ मध्ये एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट यांनी माणसाच्या फुप्फुसातली बुरशी पहिल्यांदा नीट वर्णन करून ठेवली, आणि ते फुप्फुस क्षयाने खाल्लेलेच होते. १८९० मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी कबुतरांना पोसणाऱ्या कामगारांची हकिकत लिहिली. ही माणसे तोंडात दाणे धरून कबुतरांच्या चोचीत भरवत, आणि दाण्यांवरची बुरशी त्यांच्या छातीत जाई. त्यांच्या आजाराला तेव्हा नावच पडले ‘खोटा क्षय’. त्या नावाला जवळजवळ सव्वाशे वर्षे होत आल्यावर माझ्या भावाला त्या खोट्या क्षयासाठी खऱ्या क्षयाची इंजेक्शने दिली गेली.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की पुराव्याशिवाय क्षय ठरतो आणि पुराव्याशिवाय ठरलेल्या क्षयाला दुसरे नाव असू शकते हे आपल्या पद्धतीत कुठे लिहिलेलेच नसते. २०२३ मध्ये जगभरात नोंदलेल्या फुप्फुसाच्या क्षयरुग्णांपैकी साधारण ६२ टक्क्यांमध्येच जंतूंचा पुरावा मिळाला होता. बाकीच्यांचे निदान लक्षणांवर आणि एक्स-रेवर झाले. मला मान्य आहे की कित्येकदा जंतू सापडत नाहीत आणि तरी क्षय असतो. वाट पाहण्यात माणूस जाऊ शकतो. पण ज्याचा क्षय एकदा पूर्ण उपचारांनी गेला आहे, ज्याच्या छातीत पोकळी आहे आणि ज्याचा बेडका वारंवार स्वच्छ येतो आहे, त्याच्या बाबतीत तरी दुसरी शंका मनात यायला हवी. त्या शंकेसाठी लागते रक्ताची एक तपासणी. पट्टीवर अर्ध्या तासाच्या आत निकाल देणारी चाचणीही आता आहे. तीन महिन्यांहून जुनी लक्षणे, एक्स-रेत किंवा सीटीत पोकळी अथवा गोळा, रक्तात प्रतिपिंडे आणि बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत, एवढ्यावर साधनांची चणचण असलेल्या ठिकाणीही निदान करावे, अशी व्याख्या तज्ज्ञांनी २०१८ मध्येच प्रसिद्ध केली. दादाचा तिसरा कोर्स त्याच वर्षीचा.

दुसरी तक्रार त्या मिटलेल्या कार्डाची. पोकळी राहिलेल्या रुग्णांचे पुढे काय होते हे कोणी पाहिलेच नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये क्षयाचे उपचार संपून अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची तपासणी झाली होती. १९६८ च्या त्या अहवालात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली; थोड्या वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासले तेव्हा प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेले होते. अलीकडे युगांडात गुलू इथे क्षयातून उठलेल्यांचा असाच पाठपुरावा झाला. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एक्स-रेवर पोकळी असलेल्यांपैकी २६ टक्क्यांना बुरशीचा जुनाट आजार होता, पोकळी नसलेल्यांत एक टक्काही नाही. म्हणजे कोणावर नजर ठेवायची हे शेवटचा एक्स-रेच सांगतो. सगळ्यांच्या मागे धावायची गरज नाही. पण कित्येक ठिकाणी तो शेवटचा एक्स-रेच काढला जात नाही, कारण बेडका स्वच्छ आला की रकाना भरता येतो.

जाता जाता, २०११ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक अंदाज छापून आला होता: क्षयानंतर हा बुरशीचा आजार जडलेले जगात सुमारे ११ लाख ७० हजार लोक असावेत. दादाच्या कार्डावर शेरा पडला तेच हे वर्ष. मी योगायोगांवर विश्वास ठेवत नाही, पण हा मनातून जात नाही.

तिसरी तक्रार औषधांच्या टकरीची. निदान झाल्यावर छातीच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध लिहून दिले. टीबीची औषधे मात्र दुसऱ्या खिडकीवरून चालूच राहिली, कारण ती थांबवण्याचा अधिकार तिसऱ्याच कोणाकडे होता. दादा दोन्ही गोळ्या इमानाने घेत होता. टीबीच्या कोर्समधली रिफॅम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल ही बुरशीवरची दोन्ही औषधे रक्तात टिकतच नाहीत. तिचा हा परिणाम गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे राहतो. पाच आठवडे तो बुरशीवरचे औषध गिळत होता आणि बुरशीपर्यंत ते पोचत नव्हते. औषधाची रक्तातली पातळी मोजली तेव्हा ती जवळजवळ शून्य आली, म्हणून उलगडा झाला. त्या पाच आठवड्यांत त्याला एवढे रक्त पडले की जांघेतून नळी घालून छातीतली धमनी बंद करावी लागली. ही टक्कर औषधांच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेली आहे. टीबीच्या कार्डावर तिच्यासाठी एक ओळ नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. (त्याच वर्षी स्ट्रेप्टोमायसिनचा तो फेरउपचार वापरू नका असेही संघटनेने सांगितले. दादाच्या कानांना त्याचा उपयोग नव्हता.) यादीत नाव येणे आणि खिडकीवर औषध मिळणे यांत अंतर किती, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. हा उपचार लांबलचक असतो. चंदीगडमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने इट्राकोनाझोल घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला. बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. वर्षभराचे औषध रुग्णाने स्वतः पैदा करायचे असेल तर तो सहाव्या महिन्याला थांबणार, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

पाचवी तक्रार मोजदादीची. क्षयाचा प्रत्येक रुग्ण मोजला जातो, हे आपल्या कार्यक्रमाचे मोठेपण. हा बुरशीचा आजार बहुतेक ठिकाणी नोंदवायचाच नसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार फुप्फुसाचा हा जुनाट आजार जगात दर वर्षी अठरा लाखांहून अधिक लोकांना होतो आणि त्यांतले सुमारे ३ लाख ४० हजार मरतात. त्यांतल्या कितीजणांच्या कागदावर कारण म्हणून क्षय लिहिले गेले असेल? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची पहिली यादी काढली. एकोणीस नावांपैकी सर्वांत वरच्या गटात चार आहेत आणि अ‍ॅस्परजिलस फ्यूमिगेटस त्यांतली एक. यादी करणाऱ्यांचे आणि क्षयाची नोंदवही छापणाऱ्यांचे एकमेकांशी बोलणे व्हावे, एवढीच अपेक्षा.

एक मुद्दा आपल्या खात्याचा नाही, तरी लिहिते. या बुरशीवर तोंडाने घ्यायच्या औषधांचा रोजच्या वापरातला गट एकच आहे, अ‍ॅझोल. याच गटातली भावंडे पिकांवर आणि फुलांच्या कंदांवर बुरशीनाशक म्हणून वापरली जातात. त्यामुळे मातीतच औषधाला न जुमानणारी बुरशी तयार होते आणि तिचे बीजाणू कधीही गोळी न घेतलेल्या माणसाच्या छातीत जातात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले. शेतीखात्याच्या बैठकीत आपल्यापैकी कोणीतरी बसायला हवे.

मागण्या अशा आहेत.

आधी क्षय होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा लक्षणे आली आणि बेडक्यात जिवंत जंतूंचा पुरावा मिळाला नाही, तर टीबीचा नवा कोर्स सुरू करण्यापूर्वी अ‍ॅस्परजिलसची प्रतिपिंड तपासणी सक्तीची करावी. जीव धोक्यात असेल तर औषध आधी द्या, पण रक्त त्याच दिवशी घ्या. चाचणी एकट्याने निदान करत नाही, नकार आला तरी शंका पूर्ण मिटत नाही, हेही सूचनेत लिहावे. नाहीतर उद्या प्रतिपिंडे दिसली की सरसकट बुरशी ठरवायची नवी सवय लागेल.

उपचार संपताना प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढावा. पोकळी राहिली असेल तर ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे आणि पुन्हा कधी यायचे ती तारीख कार्डावर लिहावी. किती महिन्यांनी, ते तज्ज्ञांनी ठरवावे. तारीख मात्र हवी.

रिफॅम्पिसिन आणि बुरशीची औषधे एकत्र चालत नाहीत, ही सूचना टीबीच्या कार्डावर आणि औषध देणाऱ्या खिडकीवर ठळक छापावी. दोन्ही आजार खरोखरच एकत्र असतील तर काय करायचे, याचा निर्णय एका डॉक्टरच्या हाती असावा.

इट्राकोनाझोल टीबीच्या औषधांच्याच वाटेने, तसेच विनामूल्य आणि किमान वर्षभर मिळावे, आणि रक्तातली पातळी मोजायची सोय मोठ्या रुग्णालयांत तरी असावी. या गोळीने पाय सुजतात, हृदयावर ताण येतो, तळपायांना मुंग्या येतात. म्हणून ती देऊन विसरून जायचे औषध नव्हे.

नोंदवहीत ‘टीबी नाही, बुरशीचा आजार’ असा रकाना घालावा. ही सर्वांत सोपी मागणी आहे आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक. ज्याला रकाना असतो त्याचा आकडा वरिष्ठ विचारतात, आणि आकडा विचारला की तपासणी होते.

दादा आता एक जिना दोनदा थांबून चढतो. उरलेले फुप्फुस कापाकापी सोसण्यासारखे नसल्याने शस्त्रक्रिया होऊ शकली नाही. गोळ्या चालू आहेत, अडीच वर्षांत रक्त पडलेले नाही. शाळेत त्याला तळमजल्यावरचा वर्ग दिला आहे. त्याचे २०११ चे कार्ड माझ्या टेबलावर आहे. शेवटचा रकाना, त्यात ‘बरा झाला’, खाली शिक्का. शिक्क्याखाली दोन बोटे जागा कोरी आहे. पुढच्या तपासणीची तारीख तिथे सहज मावली असती.

आपली,
त्या कार्डावरच्या रुग्णाची धाकटी बहीण